धक्क्यावरचे ऊन

एकदा एका खाडीकाठच्या गावी एक वृद्ध कारागीर राहत असे. त्याचा व्यवसाय चमत्कारिक होता. जग जसे आहे तसेच, पण लहान करून दाखवणे, हे त्याचे काम. जहाजे, आगगाड्या, देवळे, चावड्या, आणि त्यांत वावरणारी करंगळीच्या दोन पेरांएवढी माणसे तो घडवी आणि रंगवी. शाळा, संग्रहालये आणि हौशी लोक त्याच्याकडून असे देखावे करून घेत. लहान माणसांशी त्याचे जितके जमते तितके मोठ्यांशी जमत नाही, असे गावात बोलले जाई. पण असे बोलणारे बहुधा त्याच्याकडे काहीतरी फुकट मागायला जाऊन आलेले असत. गाव त्याला नाना म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू.

नानांपाशी एक शिष्या होती. चित्रकलेची पदविका घेऊन आलेली, तिशीच्या आतली. हात विलक्षण स्थिर आणि स्वभाव तितकाच उतावळा, असे ते मिश्रण होते. तांदळाच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर दोन-तीन केसांच्या कुंचल्याने ती भुवई काढी, आणि त्या भुवईवरून तो माणूस घरून भांडून आला आहे हे पाहणाऱ्याला कळे. नानांना तिचे कौतुक होते. ते त्यांनी तिला कधी सांगितले नाही. पण कुणी चेहऱ्यांची स्तुती केली की ते तिच्याकडे बोट दाखवून चहा टाकायला निघून जात.

अलीकडे नानांचा हात कापू लागला होता. देखावे बांधणे जमे, रंगवणे जमेना. दारावरच्या पाटीचा रंगही उडाला होता, आणि ती पुन्हा रंगवायची तर त्यावर कुणाचे नाव घालायचे, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता. त्याविषयी कुणी बोलत मात्र नव्हते.

अशात एक व्यापारी आला. नळ आणि पाइप विकून चांगला नावारूपाला आलेला गृहस्थ. बसल्या बसल्या त्याने टेबलाची रुंदी वितीने मोजली, आणि मग अवघडून बोलायला सुरुवात केली.

“नाना, आमचा जन्म जुन्या धक्क्यावरचा. बोट लागायची ना पूर्वी, तिथला. आईची खानावळ होती. बोटीला माणसं यायची, ती आमच्याकडं जेवून जायची. मग वर पूल झाला, बोट बंद पडली, खाडी गाळानं भरली. आता तिथं गुडघाभर चिखल आणि तिवरांचं रान.”

“ठाऊक आहे,” नाना म्हणाले.

“आईला मी माझ्याकडं आणलंय, तिसऱ्या मजल्यावर. सगळं आहे तिथं. पण ती खिडकीशी बसते आणि समोरच्या गच्चीवरच्या टाक्या बघत राहते. परवा म्हणाली, मला एकदा धक्का बघायचाय. आता नेऊ कुठं तिला? चिखल दाखवू?” त्याने पुन्हा टेबलावर वीत टेकवली. “तुम्ही करून द्या. धक्का, खानावळ, बोटीची वाट बघणारी माणसं, सगळं. आईला ओळखू आलं पाहिजे, एवढंच.”

नानांनी शिष्येकडे पाहिले. “ही करेल,” ते म्हणाले. “मी हात लावणार नाही.”

व्यापारी गेल्यावर ते तिला म्हणाले, “हे काम तुझं. त्या माउलीनं आपला धक्का ओळखला, तर दारावर तुझं नाव घालू. नाही ओळखला, तर अजून थोडं शिकायचं राहिलंय असं समजू. रडायचं नाही.”

“ओळखतील,” ती म्हणाली. तिच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती, आणि नानांना नेमकी त्याचीच काळजी वाटली.

व्यापाऱ्याने दोन जुनी छायाचित्रे आणून दिली. आईने सांगितलेले बारकावेही तो जसेच्या तसे सांगून गेला. धक्क्याच्या काठावर माणसांची रांग उभी असे. कपाळावर आडवा हात धरून सगळे बोटीची वाट पाहत. मागे खानावळीची पडवी, तिच्यापुढे उघड्यावरची चूल. शिष्येने माणसे घडवायला घेतली, आणि घडवता घडवता तिच्या लक्षात आले की ही गर्दी केसांच्या कुंचल्याने रंगवत बसले तर वर्ष सरेल.

तिने भीत भीत विचारले, “नाना, एअरब्रश वापरून पाहू?”

तिला वाटले होते, म्हातारा चिडेल. नाना चिडले नाहीत. “आण की,” ते म्हणाले. “नाचता येईना त्यानं अंगण वाकडं म्हणावं. ज्याला नाचता येतं त्यानं कुठलंही अंगण झाडून घ्यावं आणि नाचावं.”

एअरब्रश आला. ज्यांनी हे उपकरण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला ते जाडसर पेनासारखे असते. डोक्यावर रंगाची इवलीशी वाटी, पोटात एक लांब सुई, शेपटीला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबून पाठवणारे यंत्र. वर एक खटका असतो. तो खाली दाबला की नुसता वारा सुटतो. दाबलेल्या स्थितीत मागे ओढला की सुई मागे सरते आणि वाऱ्याबरोबर रंग येतो, धुक्यासारखा. किती ओढायचा, हे फक्त बोटाला कळते.

नानांनी पहिले काही दिवस तिला रंगच दिला नाही. वाटीत पाणी आणि समोर जुने वर्तमानपत्र. “आधी वारा, मग रंग,” ते सांगत. “थांबताना उलटं. आधी रंग मिटव, मग वारा.”

“काय फरक पडतो? बंदच तर करायचंय.”

“वारा आधी मिटवलास तर सुईच्या टोकाशी थेंब राहतो. तो लगेच दिसत नाही. पुढच्या वेळी खटका दाबशील तेव्हा तो थुंकल्यासारखा बाहेर येतो. आणि पुढच्या वेळी समोर काय असेल, कुणाला ठाऊक?”

हे ज्ञान तिने ऐकले आणि, सर्व बुद्धिमान शिष्यांप्रमाणे, स्वतः थेंब पाडून घेतल्यावरच मान्य केले. एका नावाड्याचा शुभ्र सदरा त्यात गेला. मग इतर चुका रीतसर झाल्या. फार जवळून मारला तेव्हा रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळाला. फार लांबून मारला तेव्हा तो वाटेतच वाळला आणि एका भटजींच्या अंगावर पीठ सांडल्यागत बसला. घट्ट रंगाने सुई चोंदली, पातळ रंग ओघळला. “दुधाएवढा पातळ,” नाना म्हणाले, तर ती उसळून म्हणाली, “कुठल्या दुधाएवढा? आपल्या गवळ्याच्या?” त्यावर नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. आठवडाभर तिच्या नाकाच्या शेंड्याला निळा रंग होता आणि ते तिला कुणी सांगितले नाही.

पण एकदा हात बसल्यावर तिने मागे वळून पाहिले नाही. विशेषतः एका युक्तीने तिला अक्षरशः वेड लावले. मूर्तीला आधी सगळीकडून काळ्या रंगाचे अस्तर द्यायचे. मग वरच्या एका बाजूने, उजेड जसा पडेल तसा, पांढऱ्याचा हलका फवारा मारायचा. जिथे उजेड पोचायचा तिथे मूर्ती पांढरी होते, हनुवटीखाली, काखेत, चुण्यांच्या आत काळी राहते. त्यावर पातळ रंग चढवले की ते आपोआप कुठे उजळ, कुठे गडद दिसतात. रंग लागण्याआधीच मूर्तीत जीव येतो.

तिने मग एकेक माणूस बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, डाव्या हातात धरायचा, टेबलावरच्या दिव्याकडे फिरवत फिरवत त्याचा चेहरा जिथे सर्वांत खुलेल तिथे थांबायचे आणि खटका ओढायचा, असा क्रम लावला. नावाडी, मास्तर, कोळणी, लष्करातून सुटीवर आलेला जवान, नवऱ्याची वाट पाहणारी बाई. प्रत्येकाचा चेहरा उजळला. प्रत्येकाची भुवई बोलू लागली. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे चुलीपाशी बसलेली खानावळवाली. तिच्या चेहऱ्यात शिष्येने इतका जीव ओतला की त्या एवढ्याशा गालांवर चुलीच्या धगीची लाली दिसे, आणि डोळ्यांत थकवा आणि मिस्कीलपणा एकत्र दिसत. शेजारपाजारचे लोक ती पाहायला येऊन गेले.

नाना रोज टेबलापाशी येत, बुचांवर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहत, आणि कुणा एकावर बोट ठेवून विचारत, “हा कुठे उभा राहणार?”

“ठरवू नंतर, नाना. आधी पुरे तर होऊ देत.”

दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर बोट. “आणि ही?”

“हिला जागा आहे हो भरपूर,” ती म्हणे. तिला वाटे, म्हाताऱ्याला देखाव्याच्या फळीवर दाटी होण्याची चिंता आहे. नानाही मग पुढे बोलत नसत.

देखावा मांडून झाला. एका टोकाला खाडी आणि तिच्या मुखाशी येणारी बोट, मग धक्का, धक्क्यावर माणसांची रांग, मागे पडवी आणि चूल. माणसे तिने मेणाने तात्पुरती उभी केली होती, ज्याचा चेहरा जिथून छान दिसेल तसे त्याला वळवून. खानावळवाली तर अगदी पाहणाऱ्याकडे तोंड करून बसवली होती. व्यापारी आईला घेऊन आला.

म्हातारी वाळलेली, ताठ, आणि डोळ्यांनी चांगली धड होती. तिने काठी भिंतीला टेकवली, टेबलाच्या कडेला दोन्ही हात ठेवले आणि वाकून पाहू लागली.

“ही पायरी फुटकी व्हती, बरोबर. हा मास्तर. ह्याला छत्रीशिवाय बघितला नाय कधी.” ती एकेकाला ओळखत होती. व्यापाऱ्याचा चेहरा फुलत चालला होता. “हे हिचं लुगडं असंच, हिरवं. आणि ही कोण गो, चुलीपाशी?”

“आजी, त्या तुम्ही,” शिष्या म्हणाली.

“मी?” म्हातारीने पुन्हा पाहिले. “बरी दिसत्ये हो. बरी केलीस बाय.”

मग म्हातारीची नजर रांगेवरून फिरून पुन्हा रांगेवर आली.

“आई, ओळखलंस ना?” व्यापाऱ्याने विचारले.

“सगळं हाय की रे. नाय कशाला म्हणू.” तिने शिष्येकडे पाहिले. त्या नजरेत दोष देणे अजिबात नव्हते. “पण बाय, ही वेळ कुठची?”

“वेळ?”

“ह्यांनी कपाळाला हात धरलेत. ऊन कुठं हाय?”

व्यापारी खोटे खोटे हसला आणि म्हणाला, “अगं आई, नमुना आहे तो. त्यात कसलं आलंय ऊन?”

“तेपण खरंच,” म्हातारी म्हणाली. “छान झालंय हो सगळं. जरा पाणी मिळंल?”

तिने पाणी पिऊन टाकले आणि काठी घेतली. तिची सभ्यता शिष्येला कानाखाली बसल्यासारखी लागली. ज्याला आपले घर सापडले तो पाणी मागून निघत नाही.

नाना दारापर्यंत पोचवायला गेले. तिथे त्यांनी विचारले, “वहिनी, एक सांगा. बोट यायच्या वेळी तुम्ही कुठे बघत असायचात?”

“मी कुठं बघणार? मी आपली चुलीकडं. वारा खाडीवरनं यायचा, तो चुलीत शिरू नाय म्हणून मी खाडीकडं पाठ करून बसायची. बोट मी कधी येताना बघितलीच नाय.”

“मग आल्याचं कळायचं कसं?”

“सावल्यांवरनं की! दिस कललेला असायचा, खाडीच्या मुखावर. त्या माणसांच्या सावल्या लांबत लांबत माझ्या चुलीपातूर यायच्या. बोट लागली की माणसं पळायची, सावल्या उठायच्या, आणि ऊन माझ्या हातावर पडायचं. मग मी भात उतरायची.” सांगताना तिचा हात आपोआप पुढे आला होता. तो तिने परत काठीवर ठेवला.

“पुन्हा एकदा याल का?” नाना म्हणाले. “काम अजून पुरं झालेलं नाही.”

ती मंडळी गेल्यावर शिष्या टेबलाशी बसली होती आणि रागावलेली होती. राग हा दुःखापेक्षा सोयीचा असतो, म्हणून माणूस आधी तोच उचलतो.

“प्रत्येक गोष्ट बरोबर होती, नाना. त्यांनी स्वतः सांगितलं, बरोबर आहे म्हणून. आणि मग ऊन कुठं आहे! आता वयच झालंय, त्याला मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी तिला कामाला लावले, आणि ते काम तिला कोड्यात टाकणारे होते. आधी सगळी माणसे पक्क्या गोंदाने जागच्या जागी बसवायला सांगितली, म्हातारीच्या सांगण्याबरहुकूम. रांगेचे तोंड खाडीकडे आणि खानावळवालीची खाडीकडे पाठ. गोंद वाळल्यावर त्यांनी कारखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या, दारही ओढून घेतले. भर सकाळी अंधार झाला. मग खाडीच्या टोकाला, बोटीच्याही मागे, टेबलाच्या पातळीच्या जरा वर, त्यांनी एकच दिवा लावला.

“आता वाटीत गडद रंग घाल,” ते म्हणाले. “दुधाहून पातळ. ताकाच्या निवळीएवढा.”

तिने घातला.

“जिथे दिवा पोचत नाही, तिथे मार. पहिल्यांदा हिच्यावर.” त्यांचे कापरे बोट खानावळवालीच्या चेहऱ्यावर थांबले.

शिष्येला वाटले, आपण चुकीचे ऐकले. “तोंडावर?”

“तोंडावर.”

“नाना, माझ्या हातून आजवर झालेला हा सगळ्यात चांगला चेहरा आहे.”

“आहेच.”

“तुम्हीच लोकांना दाखवलात.”

“दाखवला.”

“मग?”

“मग काय. सावली कर.”

तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिला हे सूड घेतल्यासारखे वाटले, शिक्षा केल्यासारखे वाटले, आणि म्हातारपणी माणसाला दुसऱ्याचा स्थिर हात सहन होत नाही, असाही एक वाईट विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने एअरब्रश उचलला, तो ताडकन.

“आधी वारा,” नाना शांतपणे म्हणाले.

तिने खटका नुसता खाली दाबला. रंग ओढला नाही. वारा सूं करीत सुटला आणि त्या चेहऱ्यावरची काल-परवाची बारीक धूळ उडून गेली. ती तशीच काही वेळ वारा सोडत राहिली. तेवढ्या वेळात, करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे, तिने त्या बाईकडे नीट पाहिले.

दिवा बाईच्या मागे होता. खरा उजेड तिच्या डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर पडला होता. चेहरा अंधारात होता. आणि तरीही त्या अंधारात गाल उजळ होते, कपाळ उजळ होते, कारण ते तसे रंगवलेले होते. तो उजेड कुठून आला होता? तिने नजर रांगेकडे नेली. मास्तरांच्या उजव्या गालावर उजेड रंगवलेला होता, जवानाच्या मानेवर, कोळणीच्या पाठीच्या एका बाजूला. एकमेकांशेजारी उभी राहिलेली माणसे, आणि कुणाचाच उजेड कुणाशी जुळत नव्हता. आणि ज्यांचे हात कपाळावर आडवे होते त्यांचे डोळे हातांच्या खाली लखलखीत उघडे होते. हात होता, हाताची सावली नव्हती.

तिने खटका मागे ओढला, अगदी केसभर. सर्वोत्तम चेहरा हळूहळू सावलीत गेला. लाली गेली, डोळ्यांतला मिस्कीलपणा गेला. मग ती थांबली नाही. कपाळावरच्या हातांखाली तिने एकेक रेघभर अंधार घातला. मास्तरांचा चुकीचा गाल मिटवला. आणि शेवटी जमिनीवर, माणसांच्या पायांपासून निघून चुलीपर्यंत, तिने सावल्या ताणल्या, कडा नसलेल्या, लांब गेल्यावर विरळ होत जाणाऱ्या. केसांच्या कुंचल्याने तशी सावली कधीच आली नसती. मग वाटी धुऊन तिने फिकट पिवळा रंग घेतला आणि दिव्याच्या बाजूने, जिथे जिथे दिवा पोचत होता तिथे तिथे, त्याचा नुसता श्वास सोडला. रांगेच्या तोंडांवर. बाईच्या पाठीवर.

थांबताना तिने आधी रंग मिटवला, मग वारा.

नानांनी दिवा मालवला आणि खिडक्या उघडल्या. सकाळचा सपाट उजेड आत आला, चारी बाजूंनी सारखा. धक्क्यावर मात्र ऊन कललेलेच होते.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, “हे सगळे उजेड मी कुठून आणले होते, नाना?”

तेव्हा नाना स्टुलावर बसले आणि बोलले. ते क्वचितच इतके बोलत.

“पोरी, तू प्रत्येकाला हातात धरलंस. हातात धरलेल्या माणसाला आपण आपल्याकडे वळवतो. त्याचं जे छान दिसतं ते आपल्या दिव्यासमोर आणतो. त्यात तुझी माया होती, खोट काही नव्हती. पण मग तो उजेड तुझ्या टेबलावरच्या दिव्याचा झाला. एवढी माणसं केलीस आणि त्या सगळ्यांचा सूर्य तूच होऊन बसलीस. बुचावर प्रत्येक जण सुरेख होता. धक्क्यावर एकालाही दुसऱ्याचं ऊन लागत नव्हतं. म्हणून मी विचारत होतो, हा कुठे उभा राहणार. माणूस कुठे उभा आहे हे कळलं की मग त्याच्यावर उजेड कुठून पडतो ते आपोआप कळतं. आणि कुणाचं तोंड सावलीत का आहे, तेही.”

“तुम्ही सरळ सांगितलं का नाहीत?”

“आधी जागा ठरली पाहिजे, एवढंच मला कळत होतं. पण कपाळावरचे ते हात मी रोज बघत होतो, आणि तिथे ऊन नाही हे माझ्याही लक्षात आलं नाही. ते वहिनींनी बघितलं. तू धक्का केलास, मी बघितला. त्या तिथे बसलेल्या आहेत.”

मनातून काढून टाकावा असा जो विचार तिच्या डोक्यात येऊन गेला होता, त्याची तिला लाज वाटली. ती उठून चहा टाकायला गेली.

काही दिवसांनी व्यापारी आईला घेऊन पुन्हा आला. या वेळी शिष्येने काही दाखवले नाही, काही सांगितले नाही. ती भिंतीशी उभी राहिली.

म्हातारीने काठी टेकवली, टेबलाच्या कडेला हात ठेवले आणि पाहिले. या वेळी तिने एकाही माणसाला नावाने ओळखले नाही. ती टेबलाच्या भोवती फिरत गेली, हळूहळू, आणि चुलीच्या पलीकडे येऊन थांबली. मग वाकली, इतकी की तिची हनुवटी फळीला लागली. खानावळवाली तिच्याकडे तोंड करून बसलेली होती. त्या तोंडावर आता पाहण्यासारखे काहीच नव्हते, नुसता अंधार होता. मागे मात्र पदराच्या कडेला आणि खांद्याला उन्हाची रेघ होती. आणि तिच्या पलीकडून, धक्क्यावरून, लांब सावल्या थेट चुलीपर्यंत आलेल्या होत्या.

व्यापाऱ्याने तोंड उघडले. नानांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

म्हातारीने एक बोट पुढे केले आणि त्या बाईच्या पाठीवर, जिथे ऊन होते तिथे, टेकवले.

“सावल्या अजून हलल्या नाय,” ती म्हणाली. तिचा आवाज घाईतल्या बाईसारखा झाला होता. “बोट लागायला वेळ हाय. भात व्हईल तवर.”

व्यापारी, ज्याला कुठलीही गोष्ट इंचात सांगता येत असे, तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या आईने त्या दिवशी पाणी मागितले नाही, खुर्ची मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी दारावरची पाटी उतरवली, जुना रंग घासून काढला आणि ती शिष्येच्या टेबलावर आणून ठेवली. “घाल नाव,” ते म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

ते परत आले तेव्हा पाटी तशीच कोरी होती आणि टेबलापाशी कुणी नव्हते. शिष्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली चुकवीत, कपाळावर आडवा हात धरून, त्या दारावर ऊन कुठून पडते ते ती पाहत होती.